मराठी शाळेतले दहा महिने: तिसरीच्या वर्षाचा अनुभव

जून 2024 मध्ये आम्ही मुलीला शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेतून काढलं आणि गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला घातलं. गाव सातारा जिल्ह्यातलं, कोरेगाव तालुक्यातलं. इथे त्या शाळेला अजूनही सगळे 'मराठी शाळा'च म्हणतात. घरच्या आजारपणामुळे आम्हाला गावी यावं लागलं, पण गावी आल्यावरही तालुक्याच्या इंग्रजी शाळेची गाडी दारात येत होती. ती नाकारून मराठी शाळा निवडली, तेव्हा जवळच्या माणसांनीही नावं ठेवली. आता प्रगतिपत्रक हातात आलंय, आणि ज्या मैत्रिणी तेव्हा गप्प होत्या त्याच फोन करून विचारतायत, "खरं सांग, कशी आहे गं शाळा?" त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी मांडणी सांगते. पहिली ते चौथी, पट 38, शिक्षक दोन. पहिली-दुसरी गुरुजींकडे आणि तिसरी-चौथी बाईंकडे. म्हणजे जोडवर्ग. पहिल्या दिवशी हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला होता. बाई चौथीला शिकवतील तेव्हा तिसरीची पोरं काय करणार? त्याचं उत्तर मला फरशीवर सापडलं. वर्गाच्या फरशीवर ऑइलपेंटने अंकांचे चौकोन, बाराखडी, नकाशा असं सगळं रंगवलेलं आहे, आणि मुलं गटागटाने त्यावर बसून आपलं आपण काम करतात. मुलांनी स्वतः करत शिकायची ही ज्ञानरचनावादाची पद्धत आमच्या जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे देखरेखीसाठी केलेला शाळांचा गट) शाळांनी गाजवली. राज्यभरातून शिक्षक ती बघायला यायचे. आमच्या फरशीचा रंग आता बराच उडालाय, पण मुलं अजून त्यावरच बसतात.

पहिल्याच महिन्यात एक अडचण समोर आली. मुलीला फॉर्टी नाईन यायचं, एकोणपन्नास यायचं नाही. आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, दुकानाच्या हिशोबात "एकोणपन्नास लिही" म्हटलं की ती 59 लिहायची. तिचं तरी काय चुकलं? पन्नास ऐकू आलं, म्हणून पाच लिहिला. मी घरी पाढ्यांसारखं घोकून घेतलं. दोन दिवस राहायचं, तिसऱ्या दिवशी पुन्हा 59.

जुलैत गणवेशाचं माप द्यायला शाळेत गेले होते, तेव्हा खिडकीतून पाहिलं. बाईंनी ज्वारीच्या ताटाच्या बोटभर काड्या करून ठेवल्या होत्या, दहा-दहाचे गठ्ठे, रबराने बांधलेले. पाच गठ्ठे फरशीवर मांडले. "किती?" सगळे ओरडले, पन्नास. मग एका गठ्ठ्याचं रबर सोडून त्यांनी एक काडी काढली आणि पाठीमागे लपवली. "आता?" पोरं मोजायला लागली. बाई म्हणाल्या, "मोजू नका. एक कमी पन्नास. ऊन म्हणजे कमी. एक ऊन पन्नास, एकोणपन्नास." त्यांनी ती काडी पुन्हा दाखवली, पुन्हा लपवली. मग तीन गठ्ठे ठेवून तेच केलं, एकोणतीस. मग सहा गठ्ठे. मुलीचा हात वर गेला होता, आणि तो हात एकोणनव्वदपर्यंत खाली आला नाही.

त्या संध्याकाळी जेवताना तिने आबांना विचारलं, "आबा, मग नव्व्याण्णवला एकोणशंभर का न्हाई म्हणत?" आबांनी घास हातातच धरला. सत्तरी उलटलेल्या माणसाने आयुष्यभर व्यापार केला, पण हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. मलाही नाही. दुसऱ्या दिवशी तिने बाईंना विचारलं. बाईंनी सांगितलं की एकोणवीसपासून एकोणनव्वदपर्यंत सगळे नियमाने चालतात आणि हा एकटाच वेगळा वागतो, तू शोधलास म्हणून तो फळ्यावर तूच लिही. घोकून आलेली मुलगी हा प्रश्न विचारूच शकली नसती, असं माझं ठाम मत आहे.

2019 मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं संख्यावाचन आलं, तेव्हा किती वाद झाला होता ते आठवत असेल. आमच्या बाई दोन्ही वापरतात. आधी 'पन्नास दोन' म्हणून गठ्ठे मांडायला लावतात, मग 'बावन्न' म्हणायला शिकवतात. इंग्रजी माध्यमातून आलेल्या मुलांना ही पायरी फार उपयोगी पडते, हे मी घरात बघितलं.

दुसरी गोष्ट पावसाची. तिसरीच्या परिसर अभ्यासात आपला जिल्हा असतो: अकरा तालुके, नद्या, पिकं, ठिकाणं. हे पाठ करून घेणं सोपं होतं. बाईंनी पर्जन्यमापक करायला लावलं. दोन लिटरची प्लास्टिकची बाटली वरून कापायची, वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा तिच्यातच बसवायचा. बाटलीच्या बुडाला खळगे असतात, म्हणून तळाशी खडे टाकून सरळ भागापर्यंत पाणी भरायचं आणि तिथे पट्टीचा शून्य आणून चिकटवायचा. रोज सकाळी दहाला दोन मुलं जाऊन आकडा वाचणार, वहीत लिहिणार आणि पाणी पुन्हा शून्यावर आणणार. शेजारच्या रकान्यात वर्तमानपत्रातला महाबळेश्वरचा आकडा.

जुलैमध्ये मुलीने वही घरी आणली होती. आमच्याकडे 4, 0, 7, 11 मिलिमीटर. शेजारी महाबळेश्वरला शंभर, दोनशे. एका जिल्ह्यात, दीड-दोन तासांच्या अंतरावर. तिला वाटलं आपली बाटली बिघडली. बाईंनी तेव्हा नकाशा काढला. पश्चिमेला सह्याद्री, ढग तिथे अडतात, आपल्याकडे येतात ते उरलेसुरले. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि पूर्वेला माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. मग कुणाच्या शेतात भात, कुणाच्या शेतात ज्वारी, आणि आपल्या तालुक्यात घेवडा का पिकतो, हे मुलांनी आपणहून सांगितलं, कारण वाघ्या घेवडा प्रत्येकाच्या घरात होता. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते हे वाक्य मीही लहानपणी पाठ केलं होतं. ती तिथेच का उगम पावते हे मला माझ्या मुलीच्या वहीतून कळलं.

जानेवारीत बाल आनंद बाजार भरला. हिने लिंबू सरबत मांडलं, दहा रुपये पेला. सतरा पेले खपले. हिशोबाच्या वेळी हिने मोठ्या आनंदाने लिहिलं, नफा 170 रुपये. बाईंनी वही बघितली आणि एवढंच विचारलं, "साखर कुणाच्या घरची?" ती घरी पळत आली, मला लिंबं कितीची, साखर कितीची, कागदी पेले कितीचे असं विचारून परत गेली. 40, 30 आणि 20. नफा 80 वर आला आणि तिचा चेहराही उतरला. पण त्यानंतर आबांच्या दुकानात बसली की ती "आबा, ह्याची खरेदी किती?" हे आधी विचारते.

सहल एसटीने झाली. नायगावला सावित्रीबाईंचं जन्मघर आणि मग भिलार, पुस्तकांचं गाव. नायगाव आमच्याच जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यात. 3 जानेवारीला भाषण पाठ करून म्हणणाऱ्या मुलींनी ते घर डोळ्यांनी बघितलं. भिलारमध्ये घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत, कुणीही बसून वाचावं. हिने एका ओसरीवर बसून अख्खं पुस्तक संपवलं आणि त्या घरच्या आजींनी तिला स्ट्रॉबेरी दिल्या. तेच ती अजून सांगते.

भिलारचा आनंद खरा होता म्हणूनच पुढची तक्रार माझ्या मनाला जास्त लागली. शाळेत पुस्तकं होती, चांगली दोनशे-अडीचशे, आणि ती ऑक्टोबरपर्यंत कपाटात कुलूपबंद होती. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन. त्या दिवशी कपाट उघडलं, मुलांना रांगेत बसवून पुस्तकं दिली, फोटो काढला, फोटो वर पाठवला आणि वीस मिनिटांत पुस्तकं परत कपाटात. मुलगी घरी येऊन म्हणाली, "माझी गोष्ट अर्धी राहिली." मला फार राग आला. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मी हे बोलले. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात, पण बोलणारे दोघंच असतात आणि बाकीच्या बाया पदर सावरून बसतात. त्या दिवशी मात्र त्याही बोलल्या. गुरुजींनी त्यांची अडचण सांगितली: पुस्तकं डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत, चढलेली असतात, फाटलं-हरवलं तर तपासणीत त्यांना जबाब द्यावा लागतो. हेही खरंच. मग ठराव केला की फाटलेल्या पुस्तकाची नोंद समिती करेल. दिवाळीनंतर वर्गात आडव्या दोऱ्या बांधून पुस्तकं टांगली गेली. आज त्यांतली बरीचशी कोपरे दुमडलेली, तेलाच्या बोटांचे डाग पडलेली आहेत. ती मला बघायला फार आवडतात.

असे फोटोपुरते उपक्रम वर्षभरात बरेच झाले. जागतिक अमुक दिन, तमुक सप्ताह, प्रतिज्ञा, घोषवाक्य. माझी साधी कसोटी होती: घरी आल्यावर मुलगी त्याबद्दल आपणहून काही बोलते का? घोषवाक्यांबद्दल एकदाही बोलली नाही. शनिवारचं दप्तराविना सत्र, 2024 पासून ज्याला 'आनंददायी शनिवार' म्हणतात, ते बाईंच्या तब्येतीवर आणि कामावर अवलंबून. कधी ठसेकाम, कधी गावातल्या कुंभाराकडे फेरी, कधी नुसतं पटांगणात सोडलेलं. परसबागेत मेथी आली, शेपू आला, वांगी गोगलगायींनी खाल्ली.

शिक्षकांची ओढाताण बघवत नाही. नोव्हेंबरमध्ये विधानसभेची निवडणूक होती. प्रशिक्षण आणि कामात दोघांपैकी एक जण कितीतरी दिवस बाहेर, आणि उरलेल्याकडे चारही वर्ग. शिवाय ऑनलाइन माहिती भरणं. कितीदा बघितलंय, बाई एका हाताने मोबाइलवर आकडे भरतायत आणि दुसऱ्या हाताने वही तपासतायत. ज्या बाईंनी काड्यांचे गठ्ठे बांधले त्यांचा एक तासही यात जायला नको.

इंग्रजीचं खरं सांगते, कारण सगळ्यांना तेच विचारायचं असतं. वाचन राहिलं, बोलणं मागे पडलं. आधी ती वाक्यं सफाईने बोलायची, आता अडखळते. रोज रात्री अर्धा तास आम्ही घरी इंग्रजी बोलतो, आणि ते करायची तयारी नसेल तर ही उणीव जाणवेल. संगणक आहे, पण वर्षभर बंदच होता. मुलींच्या स्वच्छतागृहात मार्चनंतर पाणी नव्हतं. मुली घरून निघतानाच कमी पाणी पिऊन यायच्या. हे मला अजिबात चालत नाही, आणि नव्या वर्षाच्या पहिल्या बैठकीत मी तोच विषय घेणार आहे.

जेवणाबद्दल मला धास्ती होती. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज 100 ग्रॅम तांदूळ असा हिशोब असतो. मावशी मटकीची उसळ आणि मसालेभात छान करतात. घरी मटकीला नाक मुरडणारी मुलगी सदतीस जणांच्या पंगतीत बसून ती मागून खाते. आपलं ताट आपण धुते. घरीही.

एक लहानशी गोष्ट राहिली. पुस्तक चार भागांत होतं, सगळे विषय एकात, त्यामुळे दप्तर हलकं. मध्ये मध्ये 'माझी नोंद' म्हणून कोरी पानं. ती पद्धत आता बंद झाली. बऱ्याच वर्गांत ती पानं कोरीच राहिली असं ऐकलं, पण हिची भरलेली आहेत. एका पानावर नुसतं लिहिलंय, "आज आपला पाऊस महाबळेश्वरपेक्षा जास्त." तारीख घातली नाही, त्यामुळे मला ताडून बघता आलं नाही.

ती चौथीला इथेच राहणार. तालुक्याच्या शाळेची गाडी यंदाही विचारून गेली.

यंदा मे महिन्यातच पाऊस कोसळला. शाळेला सुट्टी, पर्जन्यमापक वर्गात कुलूपबंद. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर गच्चीवर माझी तेलाची रिकामी बाटली कापून ठेवलेली, तळाशी खडे, बाजूला पट्टी चिकटवलेली. आबा छत्री धरून उभे आणि ही उकिडवी बसून पट्टीच्या बरोबर समोर डोळा नेतेय. दहा वाजता तिने माझ्या फोनवरून बाईंना आकडा सांगितला. पलीकडून बाईंनी विचारलं, "वाचायच्या आधी शून्य बघितलास का?"