डायनासोरच्या दोन नख्या: एक ‘अस्सल’, एक उघड नकली

सह्याद्रीच्या कातळातील झिओलाइटचे स्फटिक जमवण्याचा माझा छंद जुना असला, तरी डायनासोरच्या नखीसाठी मला ऑनलाइन दुकानच गाठावे लागले. सातारा जिल्ह्यात पायाखाली सगळा लाव्हाचा काळा खडक आहे आणि त्यात डायनासोरची हाडे शोधणे म्हणजे तापल्या तव्यावर बी पेरण्यासारखे आहे. आपल्या देशातील राजासॉरस या मांसाहारी डायनासोरची हाडे गुजरातेत रहिओलीजवळ मिळाली आणि २००३ मध्ये त्याचे नामकरण झाले. पण ती हाडे अभ्यासासाठी आहेत, विकण्यासाठी नव्हेत. त्यामुळे गेल्या दिवाळीत एका परदेशी विक्रेत्याकडून मी दोन वस्तू मागवल्या. पहिली होती मोरोक्कोतील केम केम भागातल्या खडकांच्या थरांतून आलेली, ‘अस्सल स्पायनोसॉरस’ असे एका डायनासोरच्या नावाचे लेबल लावलेली नखी, आणि दुसरी बॅरिओनिक्स या डायनासोरच्या नखीची रेझिनमध्ये ओतलेली प्रतिकृती. सीमाशुल्क धरून पहिलीला साडेचौदा हजार रुपये पडले, दुसरीला चार हजार दोनशे.

दोन्ही वस्तूंची बांधणी उत्तम होती आणि पार्सल सोळाव्या दिवशी घरी आले. या बाबतीत तक्रारीला जागा नाही.

आधी प्रतिकृतीविषयी. १९८३ मध्ये इंग्लंडमधील सरे परगण्यात, मातीच्या एका खाणीत, विल्यम वॉकर या प्लंबरचा व्यवसाय करणाऱ्या हौशी संग्राहकाला एक प्रचंड नखी सापडली आणि तिच्यामागोमाग उजेडात आलेल्या प्राण्याला १९८६ मध्ये ‘बॅरिओनिक्स वॉकेरी’ हे नाव मिळाले. बाहेरच्या वळणावरून मोजल्यास ती नखी सुमारे ३१ सेंटिमीटर भरते आणि माझ्या प्रतिकृतीवर शिंप्याचा टेप धरला तेव्हा आकडा तोच आला. बाजूने जाणारी खोबण स्पष्ट आहे. जिवंतपणी या हाडावर आपल्या नखासारखेच केराटिनचे टोपण असते, ते सहसा जीवाश्मात टिकत नाही, म्हणजे प्रत्यक्षातली नखी याहूनही लांब होती, हे आता मला मुलांना ही प्रतिकृती हातात देऊनच सांगता येते. बुंध्याखालचा उंचवटा, जिथे नखी खाली ओढणारा स्नायुबंध जोडलेला असे, तोही नेमका उतरला आहे. खालच्या कडेला साच्याची बारीक रेघ राहिली आहे आणि रंग किंचित चकचकीत आहे, परंतु विक्रेत्याने ती प्रतिकृती म्हणूनच विकली असल्यामुळे त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही.

‘अस्सल’ नखीची गोष्ट वेगळी आहे. ती दिसायला प्रतिकृतीपेक्षाही देखणी होती, आणि खरे तर तिथेच शंका यायला हवी होती. राजवाड्याजवळ दुकान असलेल्या माझ्या सराफ मित्राकडे नोटा तपासायचा जांभळा दिवा आणि चांगले भिंग आहे म्हणून मी ती तिकडे नेली. २०२४ च्या जुलैमध्ये लंडनची वाघनखे साताऱ्याच्या संग्रहालयात आल्यापासून आमच्याकडे वाकडे टोकदार काही दिसले की आधी तोच विषय निघतो. मित्राने पुडी उघडताच हात मागे घेतला आणि म्हणाला, “अहो गुरुजी, वाघाचं असेल तर आधी पिशवीत घाला, आपण दोघंही आत जाऊ.” त्याची भीती अनाठायी नव्हती, वाघनखाची लॉकेटे मढवून देण्याचे दिवस १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संपवले आहेत.

दिव्याखाली बुंधा काळपट राहिला, पण मधोमध एक निळसर पांढरा पट्टा उजळला आणि त्याच्या पुढचे टोक सगळे फिकट चमकू लागले. भिंगातून बुंध्यावर हाडाची बारीक छिद्रे आणि उभे तंतू दिसत होते; टोकाकडे मात्र तांबूस वाळूचे सुटे कण डिंकात बसवल्यासारखे होते. घरी येऊन नेलपॉलिश काढायच्या ॲसिटोनमध्ये कापसाचा बोळा भिजवून टोकावर फिरवला, तर बोळा तपकिरी झाला. म्हणजे बुंधा खऱ्या हाडाचा, पण टोक वाळू आणि डिंकाचे होते. मोरोक्कोच्या मालात असे जोडकाम नेहमीचे आहे, आणि ते सांगून विकले तर गैरही नाही. वर्णनात मात्र ‘दुरुस्ती नाही’ असे स्वच्छ लिहिले होते.

लेबलावरील नावही मला पटलेले नाही. केम केमच्या थरांत कार्कारोडोंटोसॉरससारखे इतर मोठे शिकारीही सापडतात, त्यामुळे सुट्या नखीवर एकाच प्रजातीचे नाव ठामपणे लिहिणे धाडसाचे आहे. निदान व्हेलॉसिरॅप्टरची ‘खरी’ नखी या दुकानात नव्हती, ही जमेची बाजू, कारण हा डायनासोर मुख्यतः मंगोलियात सापडतो आणि तिथून जीवाश्म बाहेर नेऊन विकणे बेकायदेशीर आहे.

फोटो पाठवल्यावर विक्रेत्याने दोन दिवसांत उत्तर दिले. वस्तू परत पाठवायची तर टपालखर्च माझा, ठेवायची तर तीस टक्के रक्कम परत, असा तोडगा होता. मी दुसरा पर्याय घेतला, पैसे आठवड्यात खात्यात जमा झाले. प्रतिकृतीला मी पाचपैकी साडेचार गुण देतो, ‘अस्सल’ नखीला दोन, आणि त्यातला एक केवळ बुंध्यासाठी आहे.

नंतर ती नखी झाकणाच्या काचेच्या बरणीत, ॲसिटोनमध्ये, गॅसपासून दूर गच्चीवर रात्रभर ठेवली. सकाळी तळाशी चमचाभर तांबडी वाळू होती, आणि आता कपाटात आहे तो तुटका, पावणेतीन इंचांचा, सगळाच्या सगळा हाडाचा तुकडा.