कॅमेऱ्याने आग ओळखणारी यंत्रणा : जिनिंगमधील एका हंगामाचा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातील ज्या जिनिंग-प्रेसिंगचे (कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्याचे) व्यवस्थापन मी पाहतो, तेथे ऑक्टोबर ते मार्च असा कापसाचा संपूर्ण हंगाम ही यंत्रणा चालवून पाहिली. आधीच्याच सीसीटीव्हीपैकी 8 कॅमेऱ्यांचे चित्रण एका संगणकाकडे जाते. त्यातील सॉफ्टवेअर ज्वाला व धूर शोधते आणि खूण सलग काही सेकंद टिकली, तरच भोंगा वाजवून मोबाइलवर चित्र पाठवते.

कापसाच्या गंज्या उघड्यावर असतात. तेथे छतच नसल्यामुळे नेहमीचे धूरशोधक लावायचे कोठे, हा आमचा जुना प्रश्न होता. जानेवारीत एका संध्याकाळी गंजीच्या मागच्या बाजूने धूर निघाला, तेव्हा रखवालदार वजनकाट्यावर होता. परंतु मोबाइलवर चित्र आल्यामुळे मजुरांनी पाण्याचा पाइप वेळेत ओढला आणि नुकसान चार-पाच क्विंटलवर थांबले.

पहिला महिना मात्र वैतागाचा गेला. मावळतीचे ऊन पत्र्यावर पडले, ट्रॅक्टरने धूर सोडला किंवा कोठे वेल्डिंग चालले, की भोंगा सुरू! विक्रेत्याने आमच्याच आवारातील अशी चित्रे घेऊन सॉफ्टवेअरमधील आग ओळखणाऱ्या मॉडेलला पुन्हा शिकवले, त्यानंतर खोटे इशारे बरेच कमी झाले. चहाच्या भट्टीचा कोपरा तपासणीतून वगळावा, असे त्याने सुचवले होते. पण मग त्या कोपऱ्यात खरी आग लागली तरी यंत्रणा गप्पच राहणार, म्हणून आम्ही भट्टीच फाटकाबाहेर हलवली.

काचेवर रुईचे तंतू बसतात, त्यामुळे दिवसाआड लेन्स पुसावी लागते. माहितीपत्रकात याचा उल्लेखही नव्हता. रात्री इन्फ्रारेडवर रंग दिसत नाहीत, म्हणून गंज्यांवर जादा दिवे लावले.

जिनिंगमधली खरी धास्ती मात्र कॅमेऱ्याच्या नजरेपलीकडची आहे. कापसातून आलेला खडा किंवा लोखंडाचा तुकडा जिनमध्ये, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रात, घासला, की उडालेली ठिणगी हवेच्या पाइपमधून रुईबरोबर पुढे जाते आणि गाठीच्या पोटात धुमसत राहून कित्येक तासांनी, कधी काही दिवसांनीही, बाहेर डोकावते. धूर बाहेर येईपर्यंत साध्या कॅमेऱ्याला त्याचा पत्ता नसतो आणि उष्णता टिपणारा थर्मल कॅमेराही पृष्ठभागाचेच तापमान दाखवतो. त्यामुळे ताज्या गाठी गोदामात नेण्याआधी वेगळ्या ठेवण्याची आमची पद्धत कायम आहे आणि पुढच्या हंगामासाठी मी मालकांकडे आणखी कॅमेरे नव्हे, तर पाइपमध्ये बसवायचे ठिणगीशोधक मागितले आहेत.