भाव महिन्याचा, करार वर्षाचा: स्टॉक फोटो सबस्क्रिप्शनचा अनुभव

नाशिकला शालिमारजवळ माझं डीटीपी आणि डिझाइनचं काम आहे. लग्नपत्रिका, पुस्तकांची मुखपृष्ठं, दुकानांची पत्रकं आणि श्रावण लागला की दिवाळी अंक. या कामाला फोटो लागतात आणि ते रीतसर विकत घेऊनच वापरायचे, हे माझं पहिल्यापासूनचं धोरण आहे. गूगलवरून उचललेला फोटो स्क्रीनवर बरा दिसतो, छापल्यावर फाटतो, म्हणजे ठिपके-ठिपके दिसतात, आणि मुळात तो कुणाच्या तरी कष्टाचा असतो. म्हणून गेल्या ऑगस्टमध्ये एका मोठ्या परदेशी स्टॉक फोटो सेवेचं, म्हणजे तयार फोटो वापरण्याचा परवाना विकणाऱ्या साइटचं, सबस्क्रिप्शन घेतलं. सेवेचं नाव लिहीत नाही, कारण ही पद्धत एकाच कंपनीची नाही. तुम्ही कुठल्याही सेवेच्या दारात उभे असाल, तरी खालचं वाचून मगच कार्ड बाहेर काढा.

आधी मालाविषयी. फोटोंचा दर्जा उत्तम आहे, यात वाद नाही. ए-फोर मुखपृष्ठाला ३०० डीपीआयवर साधारण अडीच हजार बाय साडेतीन हजार पिक्सेल लागतात; इथले बहुतेक फोटो त्याहून मोठे येतात, त्यामुळे ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी कडेची पट्टी, सोडूनही कातरायला जागा राहते. जुना कागद, पाण्याचे थेंब, धान्य, मसाले, आभाळ असलं काही हवं असेल तर चहा येईपर्यंत काम होतं. व्हेक्टर फाइली, म्हणजे कितीही मोठी केली तरी न फाटणारी चित्रं, कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये नीट उघडतात.

आपल्याकडचं काही शोधायला गेलं की मात्र पंचाईत. महाराष्ट्रीयन नवरी शोधली की लाल लेहेंग्यातल्या नववधूंची रांग लागते. मुंडावळ्या बांधलेली, हिरवा चुडा भरलेली नवरी मिळायला पानंच्या पानं खाली जावं लागतं. एक सुंदर फोटो मिळाला, पैठणीचा काठ अगदी खरा, पण नथ उजव्या नाकपुडीत आणि पदर उजव्या खांद्यावर. कुणीतरी फोटो आरशातल्यासारखा उलटवून चढवलेला. मी तो पुन्हा उलटवून वापरला, पण पत्रिकेवर तो तसाच गेला असता तर घरातल्या बायकांनी पहिल्या नजरेत पकडला असता. शेतकरी शोधला तर इस्त्रीचा फेटा आणि हातात टॅबलेट. वारीचे, पोळ्याचे, नाशिकच्या घाटावरचे चांगले फोटो आहेत, पण त्यांतल्या बऱ्याच फोटोंवर ‘एडिटोरियल’ असा शिक्का असतो. म्हणजे लेखाला, बातमीला चालेल, जाहिरातीला नाही, कारण फोटोतल्या माणसांची लेखी संमती घेतलेली नसते. पतसंस्थेच्या जाहिरातीत वारकरी टाकायचे असतील तर हा शिक्का आधी बघा.

परवान्याचंही थोडक्यात सांगते. साध्या परवान्यावर मोठ्या सेवा साधारण पाच लाख प्रतींपर्यंत छापू देतात, आपल्या कामाला तेवढं भरपूर झालं. पण तोच फोटो घालून पत्रिकेचं तयार डिझाइन विकायचं असेल, तर वाढीव परवाना लागतो आणि त्याचे पैसे वेगळे.

आता किमतीचं पान. तीन चौकटी. मधली आधीच निवडलेली, तिला निळी किनार आणि वर ‘सर्वांत लोकप्रिय’ अशी पट्टी. मोठ्या ठळक अक्षरांत ‘₹१,९०० दरमहा, १० फोटो’. त्याखाली फिकट करड्या अक्षरांत ‘वार्षिक, मासिक बिलिंग’. शेजारी मुगाच्या दाण्याएवढं ‘आय’चं चिन्ह. त्यावर माउस नेला तर एक पट्टी उघडते आणि तिच्यात म्हटलंय की चौदा दिवसांनंतर बंद केल्यास शुल्क लागू होईल. किती, ते तिथेही नाही. अटींच्या पानाची लिंक आहे. मोबाइलवर माउस नसतो, तिथे ते चिन्ह बोटाने दाबायची वेळच येत नाही. महिन्या-महिन्याने घ्यायचा, कधीही बंद करता येणारा खराखुरा मासिक प्लॅन याच कंपनीकडे आहे. तो ‘आणखी पर्याय’ उघडल्यावर दिसतो आणि त्याचा भाव जवळपास दीडपट आहे.

पैसे भरायच्या शेवटच्या पायरीवर १८ टक्के जीएसटी चढतो आणि ₹१,९०० चे ₹२,२४२ होतात. कर भरायला माझी हरकत नाही, मीही माझ्या बिलात लावते, पण मी तो कोटेशनमध्ये लिहून देते. आणि या सगळ्या पानांवर एक आकडा कुठेच नाही: ₹२६,९०४. वर्षभराचे एकूण तेवढे होतात. करार वर्षाचा असेल तर तीच त्याची किंमत. ती न दाखवता करार करून घेणं, हीच माझी मुख्य तक्रार आहे. बाकी सगळं तिच्यातूनच निघतं.

दिवाळी अंक वेळेवर बाहेर पडले. नोव्हेंबरचा चौथा हप्ता गेल्यावर, सीझन संपला म्हणून सबस्क्रिप्शन बंद करायला बसले. घेताना एक पान पुरलं होतं. बंद करताना आधी ‘प्लॅन बदला’ असं मोठं बटण, त्याच्या खूप खाली साध्या अक्षरांत ‘रद्द करा’. मग पुन्हा पासवर्ड. मग कारण विचारणारं पान, जे भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मग दोन महिने फुकट देण्याची ऑफर, आणि ती नाकारायच्या बटणावर चक्क असं वाक्य की ‘नको, मला माझे फायदे गमवायचे आहेत’. हे सगळं ओलांडल्यावर, अगदी शेवटी, आकडा पहिल्यांदा समोर आला. उरलेल्या आठ महिन्यांची निम्मी रक्कम ₹७,६००, त्यावर जीएसटी, एकूण ₹८,९६८. शिवाय पैसे भरून न वापरलेले जे फोटो खात्यात साठले होते, ते त्याच क्षणी जाणार. उतरवून घेतलेल्या फोटोंचा परवाना तेवढा राहतो.

चॅटवर बोलले. पलीकडची मुलगी नम्र होती, तिच्याबद्दल काही म्हणायचं नाही. ‘मॅडम, तुम्ही वार्षिक करार मान्य केला आहे,’ असं तिने दोनदा लिहिलं. मी विचारलं, ‘वर्षाची एकूण रक्कम मला घेताना कुठल्या पानावर दाखवली, त्या पानाची लिंक द्या.’ ती लिंक आली नाही. अटींचं लांबलचक इंग्रजी पान आलं, आणि पाठोपाठ दंड निम्मा करण्याची तयारी. जो दंड एका वाक्यात निम्मा होतो, तो नुकसानभरपाईसाठी नसतो. माणसाने कंटाळून चालू ठेवावं यासाठी असतो. हे माझं ठाम मत आहे.

शेजारच्या फ्लेक्सच्या दुकानातल्या आप्पांचं प्रकरण याहून वाईट. त्यांनी दुसऱ्या एका सेवेचा ‘पहिला महिना फुकट’वाला ट्रायल घेतला. फुकट गोष्टीला कार्ड का लागतं, हे त्यांनी विचारलंही होतं. उत्तर होतं, फक्त पडताळणीसाठी. महिना संपला आणि ट्रायलचा आपोआप वर्षाचा करार झाला. बँकेचा मेसेज आला, पण त्यात फोटो सेवेचं नाव नव्हतं, पैसे गोळा करणाऱ्या मधल्या कंपनीचं होतं. पासष्टीच्या माणसाने त्यावरून काय ओळखायचं?

बँकेच्या बाजूने आपल्याकडे निदान थोडं संरक्षण आहे. रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे, म्हणजे हप्ता आपोआप कापायला ग्राहकाने दिलेल्या परवानगीचे, नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून कडकपणे लागू झाले. कार्डावरून आपोआप हप्ता कापण्याआधी किमान २४ तास ग्राहकाला कळवावं लागतं, आणि परदेशी कंपनीचे हप्तेही त्यात येतात. ओटीपीशिवाय कापता येणाऱ्या रकमेची मर्यादा आधी ₹५,००० होती, जून २०२२ मध्ये ती ₹१५,००० झाली. बँकेच्या ॲपमध्ये किंवा साइटवर ‘ई-मँडेट’ किंवा ‘स्टँडिंग इन्स्ट्रक्शन’ शोधा, तिथून हप्ता थांबवता येतो. पण एक ध्यानात घ्या: मँडेट थांबवल्याने पैसे जाणं थांबतं, करार मोडत नाही. कंपनी थकबाकीचे मेल पाठवत राहते. म्हणून मँडेट थांबवा आणि त्याच दिवशी लेखी रद्दही करा.

कायदाही आता ग्राहकाच्या बाजूने बोलतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डार्क पॅटर्नविषयी, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या साइट-ॲपच्या रचनांविषयी, मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. त्यांत १३ प्रकार दिलेत आणि ती वाचताना मला माझंच खातं समोर दिसत होतं. रद्द करण्याची वाट लपवणं किंवा किचकट करणं, फुकट ट्रायलसाठी कार्ड मागणं, हे ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’मध्ये येतं. पूर्ण किंमत आधी न सांगणं म्हणजे ‘ड्रिप प्रायसिंग’. ते फायदे गमावण्याचं बटण म्हणजे ‘कन्फर्म शेमिंग’. भारतात माल किंवा सेवा विकणाऱ्या सगळ्या प्लॅटफॉर्मना ही तत्त्वं लागू आहेत, मुख्य कार्यालय कुठेही असो.

आणि आपल्यालाच हे खटकतंय असंही नाही. जून २०२४ मध्ये अमेरिकी सरकारने फोटोशॉप बनवणाऱ्या ॲडोबी कंपनीवर खटला भरला, तो याच ‘वार्षिक, मासिक बिलिंग’ प्लॅनवरून. आरोप असा की हाच प्लॅन आधीपासून निवडून ठेवला जातो, आणि मुदतीआधी सोडल्यास उरलेल्या रकमेच्या निम्मं शुल्क लागतं ही गोष्ट बारीक अक्षरांत आणि माउस नेल्यावर दिसणाऱ्या चिन्हांआड दडवली जाते. ते वाचलं तेव्हा मी माझे स्क्रीनशॉट पुन्हा उघडून बघितले.

मी काय केलं, तेही सांगते. किमतीचं पान आणि रद्द करण्याची प्रत्येक पायरी यांचे स्क्रीनशॉट घेतले. कंपनीला मेल लिहिला: वरच्या तत्त्वांचा उल्लेख, वर्षाची रक्कम दाखवली नाही हा एकच मुद्दा, आणि शुल्क न घेता रद्द करण्याची मागणी. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवली आणि तिचा क्रमांक मेलमध्ये टाकला. काही दिवसांनी उत्तर आलं की ‘सद्भावना म्हणून’ पूर्ण शुल्क माफ. नोव्हेंबरचा हप्ता परत मिळाला नाही आणि साठलेले फोटोही गेले. सद्भावना हा शब्द मी स्वीकारलेला नाही, तसं त्यांना कळवलं. माझ्या जागी दुसरी कुणी असती, जिला हा मेल इंग्रजीत लिहिता आला नसता, तर तिने ₹८,९६८ भरले असते.

फोटोंसाठी मी पाचपैकी चार तारे देईन. विकण्याच्या पद्धतीला एकही नाही. ‘महिना’ या शब्दाशेजारी, तेवढ्याच अक्षरांत, ‘वर्षाचे एकूण’ असं लिहा आणि खाली रद्द करण्याचं शुल्क लिहा, मग मी स्वतः इतरांना ही सेवा सुचवेन.

तोवर सीझनपुरतं काम असेल तर सबस्क्रिप्शनऐवजी फोटोंचा सुटा पॅक घ्या. एका फोटोला जास्त पडतं, पण हप्ता मागे लागत नाही; फक्त पॅकची मुदत आणि ‘ऑटो-रिन्यू’ची खूण काढलेली आहे ना, ते बघा. साध्या पार्श्वभूमीसाठी अनस्प्लॅश आणि पेक्सेल्सवर फुकट फोटो मिळतात, पण तिथे शोधताना मधेच सशुल्क सेवांच्या फोटोंच्या जाहिराती दिसतात, त्यावर बोट पडू देऊ नका. आपल्या सणांचे, आपल्या माणसांचे फोटो मी आता थेट इथल्याच फोटोग्राफरांकडून घेते, फोटोतल्या माणसांच्या संमतीपत्रासकट. पैसे त्यांना सरळ मिळतात आणि नथ डाव्या बाजूला असते.

आप्पांची तक्रार १९१५ वर अजून उघडीच आहे. त्यांच्या वतीने पाठपुरावा मीच करतेय. निकाल लागला की इथेच खाली जोडेन.