खलाटी की वलाटी? कोकणात घर करण्याआधी

गावाला कायमचं राहायला यायचं मनात असेल तर जागा बघायला दिवाळीत किंवा नाताळात येऊ नका. तेव्हा कोकणातलं कुठलंही गाव आवडतं. वहाळाला (ओढ्याला) पाणी असतं, खळं नुकतं सारवलेलं असतं, भात घरात आलेलं असतं. वैशाखात या. विहिरीत वाकून तळ बघा, भर दुपारी सड्यावरून, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावरून, चालत जा, आणि मग ठरवा.

आपल्याकडे कोकणाचे उभे दोन भाग मानतात. समुद्रालगतची पट्टी ती खलाटी आणि सह्याद्रीकडे चढत जाणारा मुलूख ती वलाटी. मुंबई-पुण्याहून येणाऱ्याला दोन्ही सारखंच वाटतं, पण रोजचं जगणं अगदी निराळं. माझं आजोळ आंजर्ल्याच्या बाजूचं, लहानपणाची कितीतरी वर्षं तिथल्या नारळ-सुपारीच्या आगरात गेली. गेली अकरा वर्षं मी देवरूखच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी राहते. दोन्हींवर माझा जीव आहे, पण नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच उत्तर देत नाही.

पाण्यापासून सुरुवात करते, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. खलाटीत वाळूत खणलेल्या विहिरीला पाणी लवकर लागतं. आजोळच्या विहिरीवर पूर्वी रहाट होता, त्याचं पाणी पाटाने प्रत्येक पोफळीच्या आळ्यात फिरायचं. तो पाट पायाने फोडून पुढच्या आळ्यात वळवणं हा माझ्या सुट्टीतला सगळ्यात मोठा आनंद. पण समुद्राजवळच्या विहिरीला उपशाची मर्यादा असते. जोरकस पंप लावून दिवसभर उपसलं की खारं पाणी आत सरकतं, आधी चहा मचूळ लागतो आणि मग माडाची पानं बोलायला लागतात. शेजारी चार नवी रिसॉर्टं झाली असतील तर तुमच्या विहिरीचं भवितव्य तुमच्या एकट्याच्या हातात उरत नाही.

वलाटीत पाऊस खलाटीहून जास्त पडतो. किनाऱ्यावरच वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि घाटाकडे जावं तसा वाढत जातो. एवढं पाणी जातं कुठे, असं प्रत्येक नवा माणूस विचारतो. जांभा खडक सच्छिद्र, उतार तीव्र. पाणी मुरतं आणि झऱ्यांवाटे निघूनही जातं. पहिली दोन वर्षं आमची विहीर चैत्रातच तळाला गेली. डोक्यावरून हंडे आणताना या निर्णयाचा फार विचार केला. आता भात काढून झालं की वाडीतले सगळे मिळून वहाळावर मातीच्या पोत्यांचा वनराई बंधारा घालतो. तो अर्धा दिवस, मग पारावर बसून खाल्लेले पोहे आणि वैशाखापर्यंत टिकलेलं दोन परस (दोन पुरुष खोल) पाणी, हे सुख मला खलाटीत मिळालं नसतं.

परसातलं काय, हा पुढचा प्रश्न. खलाटीत माड, पोफळ, त्यावर चढवलेले मिरीवेल, मध्ये जायफळ, केळ. आगर सावलीचं असतं आणि वर्षभर काहीतरी देत राहतं. बाणवली जातीचा माड सहा-सात वर्षांनी लागता होतो आणि मग तुमच्या नातवंडांनाही पुरतो. रोपं घ्यायची तर भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रात चौकशी करा. मात्र माडावर चढणारा माणूस मिळणं आता कठीण झालंय. जमीन घेण्याआधी गावात पाडेकरी आहे का ते विचारा. कातळावरच्या हापूसलाही समुद्राचा वारा मानवतो, तिथला आंबा बाजारात आधी उतरतो.

वलाटीत हापूसच्या मागे लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे. इथे काजू, फणस, रातांबे (कोकमाची फळं), बांबू, आणि खाण्यापुरतं भात-नाचणी-कुळीथ. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राच्या जातींची काजू कलमं तिसऱ्या-चौथ्या वर्षी बिया धरतात. रातांबे मात्र पावसाशी शर्यत लावूनच काढावे लागतात. फोडायचे, सालं रसात पुन्हापुन्हा बुडवून उन्हात घालायची, आमसुलं करायची, मीठ घालून आगळ बरणीत भरायचं. मे महिन्याचे शेवटचे दहा दिवस घरातल्या सगळ्यांचे हात लाल असतात. एकदा वळिवाने दोन तासांत अर्धी वाळवणं भिजवली. त्या वर्षी सोलकढी मोजून मापून केली.

ताटाचा फरक तर सगळ्यांत गोड. आजोळी संध्याकाळी हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव लागला की आजोबा चालत जायचे. खाडीला ओहोटी लागली की बायका कालवं फोडायला, तिसऱ्या वेचायला निघायच्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, म्हणून मेमध्येच सोडे, सुकट, सुके बांगडे डब्यांत भरून ठेवायचे. माझ्याकडे ताजी मासळी मोटरसायकलवरून येते, तीही रोज नाही. त्याच्या बदल्यात पहिल्या मोठ्या पावसात शेतांत चढणीचे मासे येतात, रात्री बॅटऱ्या घेऊन सगळी वाडी बांधावर असते. मग कुर्ल्या. मग टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी या रानभाज्या. चैत्रात ओल्या काजूगरांची उसळ, वैशाखात करवंदं, जांभळं, आणि रोज कुठल्यातरी घरातून येणारा कापा फणस. मासे हे तुमच्या घरचं रोजचं जेवण असेल तर वलाटीत तुम्ही झुराल. हे कारण किरकोळ समजू नका. माझ्या ओळखीतलं एक कुटुंब तीन वर्षांत त्याच कारणाने परत गेलं.

घर दोन्हीकडे जांभ्याच्या चिऱ्याचंच बांधा, उन्हाळ्यात गार राहतं. खलाटीत खारा वारा बिजागऱ्या, पत्रे, गज खातो, दरवर्षी रंग लावावा लागतो. वलाटीत आषाढ-श्रावणात कपडे चुलीवरच्या दोरीवर वाळवायचे, पुस्तकांना बुरशी. आणि माकडं! कौलं उलटीपालटी करतात, भोपळे पळवतात. कुत्रा पाळावाच लागतो.

संकटं दोन्हीकडे आहेत. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं, तेव्हा आजोळच्या आगरातल्या पोफळी एका दुपारी आडव्या झाल्या. पन्नास वर्षांची लावणी होती. मामा कितीतरी दिवस आगरात गेलाच नाही. पुढच्या वर्षी, २२ जुलै २०२१ला, चिपळूण वाशिष्ठीच्या पुरात बुडालं आणि त्याच पावसात महाडजवळच्या तळिये गावावर डोंगर कोसळला. म्हणून वलाटीत घराच्या वरचा उतार बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. तिथे नवी भेग, वाकलेली झाडं किंवा अचानक फुटलेला झरा दिसला तर ती जागा सोडा.

कागदपत्रांचं थोडक्यात: शेतजमीन महाराष्ट्रात सहसा शेतकरी खातेदारालाच घेता येते, त्यामुळे तुमच्या नावावर सातबारा नसेल तर गावठाणातलं घर किंवा बिनशेती जागाच शोधा. सामाईक सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं असणं कोकणात नेहमीचं. सगळ्यांच्या सह्यांशिवाय पुढे जाऊ नका. खलाटीत भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत सीआरझेडचे (किनारा नियमन क्षेत्राचे) निर्बंध लागतात, वलाटीत ‘खाजगी वन’ अशी नोंद आहे का ते बघा. आणि दोन्हीकडे, जवळच्या आरोग्य केंद्रात सर्पदंशावरचं प्रतिविष आहे ना, हे स्वतः जाऊन विचारा. कातळावर फुरसं, हा विषारी साप, असतंच.

मग कोणी कुठे जावं? गुडघे दुखत असतील, मासळी हवी असेल, चार पाहुणे ठेवून थोडं उत्पन्न हवं असेल, तर खलाटी. मात्र जमीन महाग आणि सुट्टीत गर्दी. हातात बळ असेल, धान्य-भाजी स्वतः पिकवायची हौस असेल आणि एकांत सोसत असेल, तर वलाटी. घरात मुलं लहान असतील तर मी वलाटीच सुचवेन, कारण इथली वाडी मुलं वाटून घेते. माझा मुलगा भात लावायला आमच्या शेतात नाही, शेजारच्या काकूंच्या शेतात शिकला.

मन दोन्हीकडे ओढत असेल तर खाडीकाठची आतली गावं बघा. शास्त्री नदीच्या काठी फुणगूसच्या बाजूला, दाभोळच्या खाडीवर वरच्या अंगाला अशी गावं आहेत. तिथे खाडीची मासळी असते आणि पाठीशी भाताची खाचरं, काजू, फणस. पर्यटक फारसे फिरकत नाहीत. आधी वर्षभर भाड्याने राहा, एक पावसाळा आणि एक शिमगा तिथे काढा. आणि विहिरीचं पाणी वैशाखातल्या अमावस्येला, भरती पुरी चढलेली असताना, ओंजळीत घेऊन चाखा.