रंगाची जाडी मोजणारा मीटर: ठोकलेली गाडी गळ्यात पडल्यानंतर घेतलेला

हा मीटर मी गाडी बघायला जातानाच खिशात ठेवायला हवा होता. घेतला तो व्यवहार होऊन तीन आठवडे झाल्यावर, डिकीच्या गालिच्याखाली पाणी सापडलं तेव्हा.

सेकंड हँड गाडी, थेट मालकाकडून घेतलेली. मी मेसेज करून विचारलं होतं, त्यांनी लिहून दिलं होतं: "गाडी कधीच ठोकलेली नाही, सगळा रंग कंपनीचा आहे." गॅरेजच्या मिस्त्रींनी मागच्या डाव्या बाजूवरून नुसता हात फिरवला आणि म्हणाले, "इथे पुट्टी भरलीय." मला ते आकड्यांत हवं होतं.

मीटर मुठीत मावतो. टोक पत्र्यावर टेकवलं की पत्र्यावरच्या थराची जाडी मायक्रॉनमध्ये दाखवतो. 1000 मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर. कंपनीचा रंग साधारण 80 ते 180 च्या दरम्यान असतो. माझ्या गाडीचं छप्पर 112, बॉनेट 120 च्या आसपास. मागचं डावं दार 260, म्हणजे रंगाचा आणखी एक हात. त्यामागच्या पॅनेलवर 640, मग 900, चाकाच्या कमानीपाशी 1400. तो आकडा बघून माझे हात गार पडले. एवढ्या जाडीत नुसता रंग नसतो.

प्लॅस्टिकच्या बंपरवर मीटर काहीच दाखवत नाही, आणि पत्र्याच्या कडेला आकडे भरवशाचे येत नाहीत. सोबतच्या पट्टीवर आधी शून्य करून घ्या, नाहीतर सगळंच चुकेल.

वकीलबाईंनी आकडे पाहिले आणि पहिलाच प्रश्न केला, "हे विकणाऱ्याला माहीत होतं, याला पुरावा काय?" त्याचं उत्तर मीटरकडे नव्हतं. ग्राहक कायद्याचं संरक्षण बहुतेक ठिकाणी धंदा म्हणून विकणाऱ्याविरुद्ध मिळतं. दोन खासगी माणसांचा व्यवहार असेल तर करार बघितला जातो, आणि तिथे घेणाऱ्याने पारखून घ्यावं हे जुनं तत्त्व आडवं येतं. मालक नुसते गप्प राहिले असते तर माझी बाजू खूप लंगडी पडली असती. पण विचारल्यावर त्यांनी खोटं उत्तर दिलं होतं, तेही लेखी. विक्रीच्या कागदावर "आहे त्या स्थितीत" असे शब्द होते, म्हणून मी आशा सोडली होती. बाई म्हणाल्या, जाणूनबुजून केलेल्या फसवणुकीला ते शब्द सहसा वाचवत नाहीत.

वाटा दोन होत्या. करार रद्द करून गाडी परत, पैसे परत. किंवा गाडी ठेवून नुकसानभरपाई. पहिली हवी असेल तर दोष कळल्यावर गाडी फिरवत राहू नका, नाहीतर ती तशीच पत्करली असं म्हणायला समोरच्याला जागा मिळते. दुरुस्तीही करू नका, पुरावाच पुसला जाईल. मी त्याच दिवशी गाडी उभी केली.

मीटरचा खरा उपयोग यानंतर झाला. कुठे उघडून बघायचं ते त्या आकड्यांनी सांगितलं. मिस्त्रींनी डिकीचा गालिचा आणि दाराचं रबर काढलं. आत हाताने केलेल्या वेल्डिंगची ओबडधोबड रेघ होती, कंपनीच्या वेल्डिंगचे गोल ठिपके नव्हतेच. त्यांनी फोटो काढून सहीचा अहवाल दिला. सर्व्हिसच्या जुन्या नोंदींत त्याच बाजूच्या पत्र्याच्या कामाचं बिल निघालं, तारीख त्याच मालकांच्या काळातली. वकीलबाईंना हवा होता तो कागद हाच.

नोटिशीत मेसेज, आकडे, अहवाल, बिल सगळं जोडलं आणि पंधरा दिवसांची मुदत दिली. अकराव्या दिवशी फोन आला. गाडी त्यांनी परत घेतली, पूर्ण रक्कम दिली. तपासणी आणि वकिलांचा खर्च मी सोडला. तसं दोघांच्या सहीने लिहून घेतलं, आणि गाडी पुन्हा त्यांच्या नावावर झाल्याचा कागदही घेतला.

मीटरला पाचपैकी चार. एक कापला तो मोजमापाची तारीख-वेळ साठवत नाही म्हणून. त्यापायी मला सगळी गाडी पुन्हा मोजावी लागली: मिस्त्रींसमोर, नंबर प्लेटपासून सुरू करून, व्हिडिओ न थांबवता.