खंजिरी भजनाच्या रात्रीसाठी इलफोर्ड एचपी५ प्लस

मे महिन्यात वऱ्हाडातल्या खेड्यावर खंजिरी भजन रंगतं ते रात्री, मांडवातल्या दोन-चार हॅलोजनच्या उजेडात. त्यासाठी कृष्णधवलमध्ये इलफोर्ड एचपी५ प्लस हाच फिल्मचा रोल घ्यावा. फिल्मचा मूळ वेग (आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची क्षमता) ४००. उजेड मोजायच्या मीटरवर १६०० लावा, लेन्स एफ/२, शटर १/६०. या शटरला भजन म्हणणाऱ्याचा चेहरा स्थिर येतो, खंजिरीच्या चकत्या मात्र चमकत्या रेघेसारख्या हलतात. फोटोचा जीव तिथंच आहे! मोजमाप चेहऱ्याजवळ जाऊन घ्या. मागचा दिवा मीटरमध्ये आला की चेहरे काळे पडतात.

फोटोत दाणा (फिल्मचे बारीक ठिपके) जाड येतो, पण धुळीच्या हवेत तो शोभतो. ३२०० वर नेऊ नका, सावल्या पार रिकाम्या होतात.

खरी अडचण डेव्हलपिंगची. १६०० साठी आयडी-११ हे डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन) पाणी न मिसळता, २० अंशांवर १४ मिनिटं. उन्हाळ्यात टाकीचं पाणी तिशीच्या वर असतं. तसंच वापरलं तर निगेटिव्ह गडद होते, पांढऱ्या टोप्यांतला तपशील जातो. बाटल्या बर्फाच्या पाण्यात ठेवून २० अंशांवर आणा. फिक्सर (चित्र पक्कं करणारं रसायन) आणि धुण्याचं पाणीही त्याच तापमानाजवळ हवं. फ्रीजमधला रोल तासभर बाहेर ठेवूनच डबी उघडा, नाहीतर फिल्मवर ओल धरते. आणि गाडीच्या डिक्कीत रोल ठेवूच नका.