फिक्स नक्की गेला का? तिकीट आणि रिलीज जोडण्याच्या तऱ्हा

हिंजवडीहून घरी निघालो होतो. वाकडच्या पुलाखाली ट्रॅफिकमध्ये अडकलेलो असतानाच क्लायंटचा फोन आला, "जीएसटी राउंडिंगचा फिक्स कालच्या रिलीजमध्ये गेला ना?" ट्रॅकरमध्ये, म्हणजे कामांची नोंद ठेवायच्या टूलमध्ये, त्या कामाच्या तिकिटावर (नोंदीवर) व्हर्जन ४.२ होतं, स्टेटस डन. मी छातीठोकपणे "हो" म्हटलं. प्रत्यक्षात फिक्स डेव्हलप ब्रँचवर (रोजचं काम चालतं त्या कोडच्या शाखेवर) मर्ज झाला होता, पण क्लायंटला जाते त्या रिलीज ब्रँचवर चेरी-पिक करायचा, म्हणजे तेवढाच बदल उचलून तिथे आणायचा, राहून गेला होता. चूक आमचीच. ती रात्र बाणेरच्या एका टपरीवरच्या चहावर काढली.

तेव्हापासून टूल निवडताना मी दोन प्रश्न वेगळे ठेवतो. काय जायचं ठरलं होतं? आणि खरंच काय गेलं?

पहिल्या प्रश्नात जिरा हे तिकिटांचं टूल सगळ्यांत पक्कं. 'फिक्स व्हर्जन'मध्ये एका तिकिटाला दोन-तीन व्हर्जन लावता येतात, म्हणजे ४.१.१ चा हॉटफिक्स (तातडीची दुरुस्ती) आणि ४.२ दोन्ही. बग कुठल्या व्हर्जनमध्ये सापडला, त्यासाठी 'अफेक्ट्स व्हर्जन' वेगळं. रिलीज करताना तिकिटं उरली असतील तर पुढच्या व्हर्जनला ढकलायची का, हेही विचारतं. रेपो (कोडचा साठा) जोडला आणि कमिट मेसेजमध्ये, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलासोबतच्या टिपणीत, तिकिटाचा नंबर कॅपिटल अक्षरांत लिहिला, की कमिट तिकिटावर दिसते. पण व्हर्जनचं फील्ड शेवटी माणूसच भरतो, आणि शुक्रवारी संध्याकाळी माणूस काहीही भरतो.

गिटहबचं उलट आहे. तिथे तिकिटाला इश्यू म्हणतात आणि व्हर्जनच्या जागी माइलस्टोन लावतात. एका इश्यूला माइलस्टोन एकच, त्यामुळे हॉटफिक्सवाल्यांची पंचाईत. 'फिक्सेस #२१४' लिहिलं तरी इश्यू आपोआप बंद होतो तो डीफॉल्ट (रेपोच्या मुख्य) ब्रँचवर मर्ज झाल्यावरच. रिलीज ब्रँचवर मर्ज केलंत तर तो तसाच उघडा राहतो. मात्र रिलीज नोट्स आपोआप बनवल्या की मागच्या टॅगपासून (रिलीजच्या वेळी कोडवर लावलेल्या खुणेपासून) या टॅगपर्यंत मर्ज झालेल्या पुल रिक्वेस्टची, म्हणजे बदल मर्ज करायच्या विनंत्यांची, यादी मिळते. म्हणजे दुसऱ्या प्रश्नाचं बऱ्यापैकी प्रामाणिक उत्तर. त्यात 'परत एकदा टायपो' असली शीर्षकं असतात, तेव्हा क्लायंटला पाठवण्याआधी नजर टाका.

गिटलॅबमध्ये रिलीजला एक किंवा अनेक माइलस्टोन जोडता येतात, आणि त्यातले किती इश्यू बंद झाले ते रिलीजच्या पानावरच कळतं. दिसायला छान, पण माइलस्टोन म्हणजे पुन्हा ठरवलेलंच. कोड आणि तिकिटं एकाच जागी ठेवणाऱ्या पाच-सात जणांच्या टीमला हे पुरतं.

एकाच प्रॉडक्टचे टेस्ट, यूएटी (क्लायंटकडची चाचणी), प्रॉडक्शन असे टप्पे असतील तर अझ्युअर डेव्हऑप्स बघाच. क्लासिक रिलीज पाइपलाइनमध्ये (पडद्यावर मांडलेल्या रिलीजच्या पायऱ्यांमध्ये) पर्याय चालू केला, की वर्क आयटमवरच, म्हणजे तिथल्या तिकिटावरच, 'डिप्लॉयमेंट' भागात काम कुठल्या टप्प्यापर्यंत पोचलं ते दिसतं. टेस्टर विचारायला येतच नाही. वायएएमएल पाइपलाइनमध्ये, म्हणजे त्याच पायऱ्या फाइलमध्ये लिहिल्या असतील तर, हीच माहिती एन्व्हायर्नमेंटच्या पानावर मिळते. अट एकच, कमिट किंवा पुल रिक्वेस्ट वर्क आयटमला जोडलेली हवी.

रेडमाईन हा ट्रॅकर स्वतःच्या सर्व्हरवर फुकट चालतो, टार्गेट व्हर्जन आणि रोडमॅप दोन्ही आहे. बजेट नसेल तर वाईट नाही.

सपोर्टचे फोन येणारं प्रॉडक्ट आणि वेगवेगळ्या व्हर्जनवरचे क्लायंट असतील, तर मी जिरा घेईन. पण नुसत्या फील्डवर पुन्हा विसंबणार नाही. दोन टॅगमधला गिट लॉग काढायचा, मेसेजमधले तिकीट नंबर वेचायचे आणि व्हर्जनच्या यादीशी ताडायचे, एवढं करणारी छोटी स्क्रिप्ट आम्ही बिल्डमध्ये घातली आहे. चेरी-पिक केल्यावर कमिटचा हॅश (गिटने दिलेला ओळखक्रमांक) बदलतो, मेसेज तसाच येतो, म्हणून हॅशऐवजी तिकीट नंबर जुळवायचा. स्क्वॉश मर्ज करत असाल, म्हणजे सगळ्या कमिट एकात मिसळून मर्ज करत असाल, तर नंबर पुल रिक्वेस्टच्या शीर्षकातच लिहायची सवय लावा.

रिव्हर्टचं, म्हणजे आधीचा बदल मागे घेण्याचं, मात्र सांभाळा. रिव्हर्टच्या मेसेजमध्ये मूळ शीर्षक नंबरासकट येतं, त्यामुळे काढून टाकलेलं कामही 'गेलं' म्हणून यादीत लागतं. आमच्या स्क्रिप्टमध्ये त्यासाठी एक ओळ जादा आहे, आणि ती दुसऱ्या रात्रीच्या चहानंतरची आहे.